तूट घटली, कर्ज वाढले: दोन्ही खरे

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

भाषांतर आणि दुभाषेपणाच्या विद्यार्थ्यांना थोडे अर्थशास्त्र यायला हवे, यावर कुणाचा फारसा आक्षेप नसतो. प्रश्न आहे तो नेमके कोणते अर्थशास्त्र, याचा. सहसा दोनच वाटा धरल्या जातात. एक म्हणजे पदवी वर्गाचे पहिले पुस्तक जसेच्या तसे लावायचे: मागणीचा वक्र, समवृत्ती वक्र, राष्ट्रीय उत्पन्नाच्या व्याख्या. दुसरी म्हणजे तीनशे संज्ञांची यादी पाठ करून घ्यायची. पहिल्या वाटेने गेलेला विद्यार्थी व्याख्या घडाघडा लिहितो, पण मध्यवर्ती बँकेचे दोन पानी निवेदन समोर आले की अडखळतो. दुसऱ्या वाटेने गेलेला अडखळतही नाही, सफाईदारपणे चुकीचे लिहून मोकळा होतो. आमच्या मते हा दुसरा जास्त धोक्याचा.

या क्षेत्रातल्या मोठ्या चुका शब्दाच्या नसतात. फिस्कल डेफिसिटला राजकोषीय तूट म्हणायचे हे कोशात सापडते. तूट घटत असतानाच कर्ज वाढू शकते, हे कोशात सापडत नाही. एखाद्या सरकारचा खर्च १०० आणि करांसह सगळी जमा ९० असेल तर वर्षाची तूट १०. आधीचे कर्ज ६० असेल तर ते ७० होते. पुढच्या वर्षी तूट ६ वर आली, म्हणजे चांगली ४० टक्क्यांनी घटली. कर्ज मात्र ७६ झाले. मूळ मजकुरात “तूट घटली असली तरी कर्ज वाढले आहे” असे वाक्य आले की साठा (एखाद्या दिवशी साचलेली रक्कम, इथे कर्ज) आणि प्रवाह (वर्षभरात त्यात पडणारी भर, इथे तूट) यांतला फरक न शिकलेल्या विद्यार्थ्याला त्यात विसंगती दिसते. मग तो ती ‘दुरुस्त’ करतो. दोन्हीकडे एकच क्रियापद घालतो, किंवा ‘कर्ज’ खोडून ‘कर्जाचा दर’ लिहितो. शब्द सगळे ओळखीचे असतात, वाक्य वाचायलाही गोड लागते, आणि अर्थ गेलेला असतो.

म्हणून कोणताही आर्थिक आकडा हाती आला की विद्यार्थ्याने चार प्रश्न विचारावेत, असे आमचे सांगणे आहे. हा साठा आहे की ठरावीक काळातला प्रवाह? ही पातळी आहे की बदलाचा दर? तुलना कशाशी आहे? आणि किमतींतला बदल यातून वगळला आहे की नाही? या चार प्रश्नांवर पहिले तीन आठवडे घालवले तरी ते वाया जात नाहीत. पुढचे जवळजवळ सगळे त्यांतच येते.

महागाईचेच घ्या. किमतींचा निर्देशांक पहिल्या वर्षी १००, दुसऱ्या वर्षी ११०, तिसऱ्या वर्षी ११२. महागाईचा दर आधी १० टक्के, मग सुमारे १.८ टक्के. दर धाडकन खाली आला, पण किमतींची सरासरी पातळी जराही उतरली नाही. इथे गोची मराठीनेच करून ठेवली आहे. ‘महागाई’ हा शब्द आपण किमतींच्या चढेपणालाही वापरतो आणि त्या वाढण्याच्या वेगालाही. “महागाई कमी झाली” हे वाक्य कोशाच्या दृष्टीने बिनचूक असले तरी ऐकणाऱ्याच्या डोक्यात “स्वस्ताई आली” असाच अर्थ उतरतो. त्यामुळे “महागाईचा वेग मंदावला” किंवा सरळ “किमती वाढतच आहेत, पण आधीपेक्षा सावकाश” असे म्हणायची सवय लावावी लागते. किमतींची सरासरी पातळीच खाली येऊ लागली तर ती भावघट, म्हणजे वेगळीच गोष्ट, आणि धोरणकर्ते तिला महागाईइतकेच घाबरतात. इंग्रजीत डिसइन्फ्लेशन (महागाईचा वेग मंदावणे) आणि डिफ्लेशन (भावघट) हे कानाला इतके जवळचे शब्द आहेत की बूथमध्ये, म्हणजे दुभाषे हेडफोन लावून बसतात त्या बंद खोलीत, एक दुसऱ्याच्या जागी सहज जातो. वक्ता मध्यवर्ती बँकेचा असेल आणि समाधानाच्या सुरात बोलत असेल, तर बहुधा तो पहिल्याबद्दल बोलत आहे. हे ज्याला ठाऊक आहे त्याचा कान फसत नाही.

जाता जाता ‘चलनवाढ’ या जुन्या प्रतिशब्दाबद्दल. चलन वाढले म्हणून किमती वाढतात हा एक सिद्धान्त आहे, आणि तो या शब्दाच्या पोटातच बसला आहे. मूळ लेखक चलनाचा पुरवठा आणि किमतींची वाढ या दोन गोष्टींचा संबंध तपासत असेल तर भाषांतरात “चलन वाढल्यामुळे चलनवाढ झाली का?” असा विनोद होतो. अशा मजकुरात ‘भाववाढ’च बरा.

वेग आणि पातळी यांची गल्लत किती महागात पडू शकते याचा वर्गात हमखास दाखवावा असा नमुना २०१३ सालचा आहे. अमेरिकेची मध्यवर्ती बँक, फेडरल रिझर्व्ह, तेव्हा दरमहा ८५ अब्ज डॉलरचे रोखे विकत घेत होती. मे महिन्यात तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नांके यांनी हा वेग पुढे कमी करता येईल असे सूचित केले आणि जगभरचे बाजार हलले. डिसेंबरमध्ये खरेदी ७५ अब्जांवर आणण्याचा निर्णय जाहीर झाला. आता हे नीट पाहा: खरेदी चालूच होती, बँकेकडचा रोख्यांचा साठा वाढतच होता, वाढण्याचा वेग तेवढा कमी झाला होता. खरेदीचा वेग असा हळूहळू कमी करण्याला इंग्रजीत टेपर म्हणतात; या शब्दाचे “रोखेविक्री” किंवा “माघार” असे भाषांतर करणारा विद्यार्थी गाडीने वेग कमी केला याचे “गाडी उलटी फिरली” असे करत असतो. विक्री ही वेगळी पायरी, मुदत संपलेल्या रोख्यांच्या जागी नवे न घेणे ही आणखी वेगळी. तिन्ही पायऱ्या फळ्यावर साठ्याच्या आलेखासह काढल्या की पंधरा मिनिटांत उलगडा होतो. नुसत्या संज्ञा सांगितल्या तर वर्षभरात होत नाही.

टक्के आणि टक्केबिंदू हा दुसरा नेहमीचा खड्डा. व्याजदर ४ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर गेला तर तो एका टक्केबिंदूने वाढला, आणि २५ टक्क्यांनी वाढला. “एक टक्क्याने वाढला” म्हटले तर काटेकोर अर्थाने तो ४.०४ होतो. बोलीत आपण ‘टक्क्याने’ सर्रास म्हणतो आणि बहुतेक वेळा खपूनही जाते. पण करारात, अहवालात किंवा आकडे लहान असताना खपत नाही. बेसिस पॉइंट म्हणजे टक्केबिंदूचा शंभरावा भाग, तेव्हा २५ बेसिस पॉइंट म्हणजे पाव टक्केबिंदू. दुभाष्याला आमचा सल्ला असा की सुरुवातीची आणि शेवटची पातळी ठाऊक असेल तर तीच सांगावी: “चारवरून सव्वाचारवर.” यात चूक व्हायला जागाच राहत नाही. त्यासाठी आदल्या दिवशी आधीचा दर पाहून ठेवावा लागतो. तयारी म्हणतात ती हीच.

विकासदराच्या बाबतीत तुलनेचा प्रश्न सगळ्यात जास्त सतावतो. अमेरिकेत तिमाहीचा वाढीचा दर वार्षिक गतीत, म्हणजे हाच वेग वर्षभर टिकला तर किती वाढ होईल अशा रूपात, सांगण्याची पद्धत आहे. युरोपात बहुधा आधीच्या तिमाहीशी सरळ तुलना दिली जाते. काही देश वर्षापूर्वीच्या त्याच तिमाहीशी तुलना करतात. तिमाहीत अर्धा टक्का वाढ झाली तर तीच वार्षिक गतीत सुमारे २ टक्के दिसते. दोन वक्ते एकापाठोपाठ बोलतात, एक २ म्हणतो, दुसरा अर्धा म्हणतो, आणि भाषांतरातून “वार्षिक गतीने” हे दोन शब्द गळाले तर पहिल्याची अर्थव्यवस्था चौपट वेगाने धावताना दिसते.

बेरोजगारीच्या दरात छेद विसरला जातो. हा दर लोकसंख्येवर काढत नाहीत, श्रमशक्तीवर काढतात. आणि श्रमशक्तीत काम करणारे आणि काम शोधणारे एवढेच येतात. श्रमशक्ती ५० आणि बेरोजगार ५ असतील तर दर १० टक्के. त्यांतल्या दोघांनी निराश होऊन शोधच सोडला तर ते श्रमशक्तीतून बाहेर: ४८ पैकी ३, म्हणजे सव्वासहा टक्के. दर उतरला, नोकरी एकालाही लागली नाही. “बेरोजगारी घटली” याचे भाषांतर “रोजगार वाढला” असे करणाऱ्याला हे उदाहरण एकदा दाखवले की पुरते.

आता मराठीतल्या मराठीत चकवणाऱ्या शब्दांकडे वळतो, कारण इथे कोशही विद्यार्थ्याच्या मदतीला येत नाहीत, उलट कधीकधी तेच पाय ओढतात. ‘नॉमिनल’ला ‘नाममात्र’ हा प्रतिशब्द परिभाषेत रुळला आहे. पण रोजच्या मराठीत नाममात्र म्हणजे अगदीच क्षुल्लक, नावापुरते. वेतन ५ टक्क्यांनी वाढले आणि किमती ७ टक्क्यांनी, तर वास्तव वेतन जवळजवळ २ टक्क्यांनी घटले. याचे “नाममात्र वेतनवाढ झाली” असे वाक्य केले की वाचक समजतो, मालकाने दोन पैसे टेकवले. त्यापेक्षा “चालू किमतींनुसार” आणि “भाववाढ वजा जाता” हे लांबलचक प्रयोग पत्करले. ‘मार्जिनल’ला ‘किरकोळ’ म्हणणे तर निव्वळ चूक. सीमांत खर्च म्हणजे आणखी एक नग करायला येणारा जादा खर्च. तो प्रचंडही असू शकतो. कराच्या संदर्भात हे विशेष सांभाळावे लागते. पहिल्या १००० उत्पन्नावर १० टक्के आणि त्यापुढच्या उत्पन्नावर २० टक्के कर असेल, तर १५०० कमावणाऱ्याचा कर १०० अधिक १००, म्हणजे २००. त्याचा सरासरी दर १३.३ टक्के, सीमांत दर २० टक्के. “त्याला २० टक्के कर लागतो” असे भाषांतर झाले की वाचक ३०० मोजतो.

‘चालू खाते’ तर सगळ्यात लबाड. बँकेत व्यापाऱ्याचे असते तेही चालू खाते आणि देशाच्या विदेशी व्यवहारांच्या ताळेबंदातले तेही चालू खाते. दुसऱ्यात वस्तू आणि सेवांची आयात-निर्यात, परदेशांतून येणारे-जाणारे उत्पन्न आणि एकतर्फी हस्तांतरणे येतात. त्यातल्या तुटीचा सरकारच्या अंदाजपत्रकाशी थेट संबंध नाही, तरी विद्यार्थी दोन्ही तुटी एकाच पोत्यात भरतात. आणखी एक खुबी जुने कागद वाचणाऱ्यांसाठी: आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या १९९३ च्या पाचव्या नियमपुस्तिकेपासून ‘भांडवली खाते’ हे एक लहानसे खाते उरले, आणि गुंतवणुकीचा मोठा ओघ ‘वित्तीय खात्या’त गेला. त्याआधीच्या मजकुरात, आणि सवयीने आजही बऱ्याच भाषणांत, भांडवली खाते म्हणजे हा सगळा ओघ. कागदाचे साल पाहिल्याशिवाय इथे लेखणी टेकवू नये.

डेप्रिसिएशन हा एक शब्द मराठीत येताना फुटतो. यंत्राची किंमत वर्षागणिक हिशेबात कमी धरतात तो घसारा. चलन बाजारात उतरते ती घसरण. आणि सरकार ठरवून दर खाली आणते ते अवमूल्यन, ज्याला इंग्रजीत मुळातच वेगळा शब्द आहे. ब्रिटनने नोव्हेंबर १९६७ मध्ये पौंड २.८० डॉलरवरून २.४० वर आणला, ते अवमूल्यन. सप्टेंबर १९९२ मध्ये पौंड युरोपीय विनिमय दर यंत्रणेतून बाहेर पडला आणि बाजारात कोसळला, ती घसरण. १९६७ चे आकडे आणखी एका कारणासाठी वर्गात फिरवण्यासारखे आहेत. डॉलरमध्ये मोजले तर पौंड १४.३ टक्क्यांनी उतरला. पौंडांमध्ये मोजले तर तोच डॉलर १६.७ टक्क्यांनी महागला. घटना एक, टक्केवाऱ्या दोन, दोन्ही बरोबर. भाषांतरकाराने वाक्याचा कर्ता बदलून पौंडाऐवजी डॉलर केला, जे मराठीत प्रवाही वाक्यासाठी आपण सहज करतो, तर आकडाही बदलावा लागतो. तो न बदलणे ही चूक चांगल्या हाताळणीच्या मजकुरांतही दिसते.

विनिमय दर “वर गेला” म्हणजे काय, हेही लेखनपद्धतीवर ठरते. युरोचा दर डॉलरमध्ये सांगतात, म्हणून १.१० वरून १.२० म्हणजे युरो वधारला. येनचा दर एका डॉलरला किती येन असा सांगतात, म्हणून ११० वरून १२० म्हणजे येन उतरला. आकडा दोन्हीकडे चढलाच आहे.

रोख्यांचा भाव आणि उतारा (यील्ड, म्हणजे मोजलेल्या भावावर मिळणारा परतावा) यांचे उलटे नाते असेच वर्गात एकदा हाताने मांडून घ्यावे. १००० दर्शनी किमतीचा रोखा वर्षाला ५० व्याज देतो. बाजारात तो ८०० ला मिळू लागला तर नव्या खरेदीदाराला ८०० वर ५०, म्हणजे सव्वासहा टक्के मिळतात (मुदतीअखेरचा फायदा वेगळाच). उतारा चढला कारण भाव पडला. “परतावा वाढल्याने गुंतवणूकदार सुखावले” असे भाषांतर करणाऱ्याने ज्याच्या हातात तो रोखा आधीपासून आहे त्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणावा.

दुभाष्यांचा वेगळा विचार करायला हवा, कारण त्यांच्याकडे मागे वळून पाहायला वेळ नसतो. मराठीतून बाहेर जाताना त्यांची खरी परीक्षा असते, आणि तिचे कारण व्याकरणात आहे. “इंधनाच्या किमती चढ्या राहिल्या, तरी मागणी मंदावल्यामुळे गेल्या तिमाहीत महागाईचा दर अपेक्षेइतका वाढला नाही.” दर कुठे गेला हे अगदी शेवटी कळते, आणि नकार तर त्याच्याही नंतर येतो. इंग्रजीत क्रियापद लवकर द्यावे लागते. तोवर थांबले तर स्मरणावर ताण येतो, घाई केली तर दिशा उलटते. इथे कार्यकारणाची साखळी तोंडपाठ असलेल्याला “मागणी मंदावल्यामुळे” ऐकताच पुढचा दर खालच्या अंगाला जाणार याचा अंदाज येतो. तो वाक्य अशा रीतीने सुरू करतो की शेवटी दुरुस्तीला वाव राहावा. अर्थशास्त्र शिकवण्याचा दुभाष्यांच्या बाबतीतला सर्वात रोकडा फायदा हा आहे. “दुभाष्याला समजण्याची गरज नसते, त्याने शब्द पोचवले की झाले” असे म्हणणाऱ्यांनी हे वाक्य एकदा कानात हेडफोन घालून करून पाहावे.

आकड्यांचा सराव रोज पंधरा मिनिटे, आणि तो अर्थासह. मिलियन म्हणजे दहा लाख, बिलियन म्हणजे शंभर कोटी, ट्रिलियन म्हणजे एक लाख कोटी: ही शिडी झोपेतही आठवली पाहिजे. पण इंग्रजी बिलियन आणि फ्रेंच किंवा जर्मन बिलियन एक नव्हेत. त्या भाषांत शंभर कोटींना मिलियार्ड म्हणतात, आणि बिलियन म्हणजे एक लाख कोटी, हजारपट. स्पॅनिशमध्येही बिलियन म्हणजे एक लाख कोटीच. ब्रिटिश सरकारने १९७४ मध्ये आपल्या आकडेवारीत हजार मिलियनचा बिलियन धरण्याचे जाहीर केले, तेव्हा त्याआधीचे ब्रिटिश कागद वाचतानाही सावध राहावे. मराठीत शंभर कोटींना ‘अब्ज’ चालतो. ‘खर्वा’च्या वाटेला मात्र जाऊ नये. आपल्या जुन्या मोजणीत तो दहा अब्जांचा, आणि हिंदीतला खरब शंभर अब्जांचा.

मराठीची स्वतःची गंमतही बूथमध्ये घाम फोडते. ‘एकोणऐंशी’ ऐकताना कानाला ऐंशी लागतो, बोलायचे असतात सत्तर आणि नऊ. ‘सत्तेचाळीस’मध्ये एकक आधी, दशक नंतर. ‘पावणेतीन कोटी’ म्हणजे २७.५ मिलियन, ‘सव्वा लाख’ म्हणजे १२५ हजार, ‘अडीचशे कोटी’ म्हणजे अडीच बिलियन. ‘पावणे’ पुढच्या आकड्यातून पाव वजा करतो हे परकी भाषेत विचार सुरू झालेल्या मेंदूला दर वेळी नव्याने सांगावे लागते. बूथमध्ये सहसा दोघे असतात आणि साधारण अर्ध्या तासाने पाळी बदलते. बोलत नसलेल्या जोडीदाराचे पहिले काम म्हणजे आकडा एककासह मोठ्या अक्षरांत लिहून पुढे सरकवणे. नुसते ‘२७.५’ लिहिलेला कागद निरुपयोगी, ‘२७.५ मिलियन, डॉलर, दरवर्षी’ असा हवा. आकडा निसटलाच तर तो रचू नये. दिशा आणि अंदाजे प्रमाण खरे ठेवावे: “काही कोटींनी वाढ.” अचूक वाटणारा चुकीचा आकडा त्यापेक्षा कितीतरी वाईट.

हे सगळे बसवायचे कसे? पंधरा आठवडे, आठवड्याला तीन तास, एवढी जागा पुरते. वर सांगितलेल्या चार प्रश्नांना तीन आठवडे, किमती आणि व्याजदरांना तीन, सरकारी अंदाजपत्रकाला दोन, विदेशी व्यवहार आणि विनिमय दरांना तीन, कारण तिथे चुका सर्वाधिक, रोजगाराला एक, कंपन्यांच्या हिशेबपत्रकांना दोन, रोखे आणि शेअर बाजाराला एक. हिशेबपत्रके वगळू नयेत. अंदाजपत्रकातली ‘तरतूद’ म्हणजे खर्चासाठी मंजूर रक्कम, आणि कंपनीच्या ताळेबंदातली ‘तरतूद’ म्हणजे येऊ घातलेल्या देण्याचा अंदाज. शब्द एकच, आणि दुसरीकडे पैसे कुठल्या पेटीत बाजूला ठेवलेले नसतात. समवृत्ती वक्र आणि मोठी गणिती प्रारूपे सोडून द्यावीत. मागणी-पुरवठ्याची आकृती ठेवावी, पण एकाच कामासाठी: किंमत उतरल्यामुळे जास्त विकले जाणे आणि मागणीच वाढणे या दोन गोष्टी मराठीत आपण एकाच वाक्याने सांगतो, त्या वेगळ्या दिसाव्यात म्हणून.

एक तासिका कशी असावी ते व्याजदरवाढीच्या निवेदनावरून सांगतो. पहिली वीस मिनिटे त्याच विषयावरचा मराठी मजकूर वाचायचा, भाषांतर नाही. मग फळ्यावर साखळी: दर वाढला, कर्ज महागले, उसनवारी कमी झाली, मागणी थंडावली, किमतींचा वेग उतरला. प्रत्येक बाणाखाली “केव्हा?” आणि “केव्हा नाही?” लिहायचे, कारण हा परिणाम लगेच होत नाही, काही महिने, कधी वर्षाहून जास्त काळ लागतो, आणि भाववाढ पुरवठा आटल्यामुळे असेल तर साखळी अडखळते. मग मूळ निवेदनातला एकच परिच्छेद, दीडशे शब्दांचा, लेखी भाषांतरासाठी. शेवटी तोच परिच्छेद कागद न पाहता विद्यार्थ्याने दोन मिनिटांत आपल्या शब्दांत सांगायचा. ज्याला सांगता येत नाही त्याचे लेखी भाषांतर कितीही नेटके असले तरी संशयाने तपासावे.

संज्ञांची वही ठेवायचीच, पण पाच रकान्यांची: मूळ संज्ञा, मराठी प्रतिशब्द, एका वाक्यात अर्थ, एकक, आणि जिच्याशी घोटाळा होतो ती शेजारची संज्ञा. एककाचा रकाना विद्यार्थी टाळतात, आणि समज तिथेच उघडी पडते. कर्जापुढे ‘रक्कम, अमुक तारखेला’ आणि तुटीपुढे ‘रक्कम, दरवर्षी’ असे लिहिणारा विद्यार्थी वर सांगितलेली चूक पुन्हा करत नाही.

शिकवायचे कुणी, हा नाजूक प्रश्न. अर्थशास्त्राचा अध्यापक एकटा असला की तिसऱ्या आठवड्यात आकृत्यांत रमतो. भाषेचा एकटा असला की संज्ञांच्या चर्चेत. निदान एकतृतीयांश तासांना दोघे वर्गात हवेत. ते परवडत नसेल तर लेखी भाषांतरे तरी अर्थशास्त्राच्या माणसाने, मूळ मजकूर न पाहता, नुसती मराठी वाचावीत आणि न पटणाऱ्या वाक्याखाली रेघ मारावी. मग भाषेच्या अध्यापकाने मूळ मजकूर उघडावा. या क्रमाने चुका पकडल्या जातात. मूळ मजकूर शेजारी ठेवून वाचले की डोळा शब्दाला शब्द जुळवत राहतो आणि उलटलेली दिशा त्याला दिसत नाही. यंत्राने केलेल्या भाषांतराची तपासणी शिकवतानाही हीच रीत ठेवावी, कारण तिथे वाक्ये आणखी गुळगुळीत असतात.

संज्ञांना पक्षही असतात, हे एखाद्या तासात सांगून टाकावे. ‘सुधारणा’, ‘काटकसर’, ‘श्रमबाजाराची लवचिकता’ हे शब्द कुणाच्या तोंडी आहेत त्यावर त्यांचा रंग ठरतो. वक्त्याने कामगारकपातीला लवचिकता म्हटले असेल तर दुभाष्याने तिला कपात म्हणू नये. आणि उलटही नको.

राहिले गुणांकन. सध्याच्या रीतीत संज्ञेची चूक आणि दिशेची चूक यांना सारखेच गुण कापले जातात. आमची सूचना अशी: घट-वाढ उलटली तर त्या परिच्छेदाला शून्य. परिमाण किंवा एकक चुकले तर निम्मे गुण. तुलनेचा आधार गळाला तर पाव हिस्सा गुण वजा. प्रतिशब्द प्रमाण नसला पण अर्थ चोख पोचला, तर एकच गुण वजा. आणि प्रश्नपत्रिकेतून “व्याख्या लिहा” हा प्रश्न काढून त्या जागी तीनशे शब्दांचे निवेदन द्यावे, ज्यात तूट घटलेली आणि कर्ज वाढलेले असेल.

आपले,
भाषांतर आणि अर्थशास्त्र शिकवणारे काही अध्यापक